न घडलेल्या अपघाताचा सत्कार

सत्कार व्हायचा तर हातून काहीतरी घडावं लागतं. खेळाडू शतक ठोकतो, गिर्यारोहक शिखर गाठतो, मग हारतुरे येतात. एसटी महामंडळ मात्र एक असा सत्कार करत आलं आहे, ज्यात सत्कारमूर्तीच्या हातून काही घडलेलं नाही हेच मुळी त्याचं कर्तृत्व असतं. पंचवीस वर्षं गाडी चालवली आणि एकही अपघात केला नाही. छातीवर बिल्ला, हातात धनादेश, शेजारी ठेवणीतली साडी नेसलेली पत्नी, कारण हा सत्कार सपत्नीक असतो. समोरच्या खुर्च्यांवर बसलेले बहुतेक लोक खात्यातलेच. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी छापून येतात, आणि सत्कारमूर्ती पहाटेच्या ड्युटीला हजर.

या सत्काराकडे जरा नीट पाहायला हवं. दिवसाला अडीचशे किलोमीटर आणि वर्षाला तीनशे दिवस, असा ढोबळ हिशेब धरला तरी पंचवीस वर्षांत पावणेएकोणीस लाख किलोमीटर होतात. त्यात कुंभार्ली घाट येतो, आंबेनळी येतो, आषाढातलं धुकं येतं. साखर कारखान्यांच्या हंगामात उसाने लादलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या येतात. आठवडी बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या डांबरावरच मांडलेली भाजी येते. एका दुचाकीवरचे तिघे येतात आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नसतं. या सगळ्यांतून चाळीस-पन्नास जीव रोज घरी पोचवायचे. पोचलेल्यांपैकी एकालाही त्यात विशेष काही वाटत नाही, आणि वाटू नये हीच या कामाची खूण.

सार्वजनिक वाहतुकीतल्या उत्तुंग कामगिरीची दखल कशी घ्यावी, हा या ग्रंथाचा विषय. पुढच्या पानांत चालक आहेत, वाहक आहेत, पॉइंट्समन आहेत, पूल बांधणारे इंजिनिअर आहेत, पुरस्कार मिळवलेली शहरंही आहेत. त्यांना एका माळेत ओवण्याआधी एक पेच सोडवावा लागतो. या धंद्यात कामगिरी म्हणायचं तरी कशाला? क्षणभरात केलेल्या पराक्रमाला, की वर्षानुवर्षं काही न घडू देण्याला? पहिल्याची बातमी होते. दुसऱ्याची व्हायला पंचवीस वर्षं लागतात, तीही चार ओळींची.

पहिल्याचं उदाहरण सगळ्या देशाने मोबाइलवर पाहिलं आहे. १७ एप्रिल २०२१, मध्य रेल्वेचं वांगणी स्थानक. एक अंध आई लहान मुलाला घेऊन फलाटावरून चालली होती. मुलगा कडेला गेला आणि रुळांत पडला. आईला फलाटाची कड दिसत नव्हती. ती जमीन चाचपत होती, आणि समोरून एक्स्प्रेस येत होती. गाडीला झेंडी दाखवण्यासाठी उभे असलेले पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून गाडीच्याच दिशेने धावत सुटले. मुलापर्यंत पोचले, त्याला उचलून फलाटावर ठेवलं, मग स्वतःला वर ओढून घेतलं. मागोमाग गाडी धडधडत गेली. मधला अवधी जेमतेम एका श्वासाचा. रेल्वेने ५०,००० रुपयांचं बक्षीस दिलं, एका कंपनीने मोटरसायकल भेट दिली. बक्षिसातली निम्मी रक्कम शेळके यांनी त्या मुलासाठी देऊन टाकली.

हे सगळं लोकांना कळलं, कारण फलाटावर सीसीटीव्ही होता. कॅमेरा नसता तर हीच घटना स्टेशन मास्तरांच्या डायरीत एका वाक्यात संपली असती. किती स्थानकांवर, किती वर्षं, अशी किती वाक्यं डायरीतच राहिली असतील, याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा.

कॅमेऱ्याविना लोकांपर्यंत पोचलेला एक माणूस म्हणजे विष्णू झेंडे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर गोळीबार सुरू झाला, तेव्हा ते उद्घोषकाच्या खोलीत होते. रोज 'पुढील गाडी धीमी लोकल' सांगणाऱ्या माइकवरून ते प्रवाशांना स्थानकातून मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगत राहिले. गोळ्या त्यांच्या खोलीच्या दिशेनेही आल्या, तरी त्यांनी माइक सोडला नाही. त्या रात्री किती लोक त्यांच्या आवाजामुळे वाचले, हे मोजायचं कुठलंही माप नाही. जे मारले गेले त्यांची यादी असते. जे मागच्या दाराने निघून गेले ते आपापल्या घरी जाऊन जेवले.

पराक्रमाच्या गोष्टींत एक परदेशी किस्सा घेण्याचा मोह आवरत नाही. ३० डिसेंबर १९५२ रोजी लंडनमध्ये आल्बर्ट गुंटर नावाचे चालक ७८ क्रमांकाची डबल डेकर घेऊन टॉवर ब्रिजवरून चालले होते. हा पूल जहाजांना वाट द्यायला मधोमध दुभंगून वर उचलला जातो. गुंटर पुलावर असतानाच त्यांच्या गाडीखालची बाजू वर जाऊ लागली. ब्रेक लावला असता तर बस थेट थेम्सच्या पाण्यात. त्यांनी उलट वेग वाढवला आणि सारी बस समोरच्या, अजून उचलायला सुरुवात न झालेल्या बाजूवर उडवली. काहींना लागलं, पण जीव एकाचाही गेला नाही. बससेवेने खूश होऊन बक्षीस दिलं, १० पौंड!

रकमेवर हसायला हरकत नाही. पण त्या दिवशी पुलावर इशाऱ्याची घंटा वाजायला हवी होती, ती वाजलीच नव्हती. गुंटर यांना डबल डेकर उडवावी लागली ती त्यापायी. पराक्रमाच्या बहुतेक गोष्टी उलगडत गेलं की शेवटी अशी एखादी न वाजलेली घंटा सापडते. वांगणीच्या फलाटाची कड अंध पावलांना कळावी अशी सोय असती, तर शेळके यांना धावावं लागलं नसतं. सत्कार करावाच, दणक्यात करावा. फक्त त्याच दिवशी दुसऱ्या टेबलावर बसून कोणीतरी घंटेचीही चौकशी करावी. आपल्याकडे पहिलं उत्साहाने होतं आणि दुसरं चौकशी समितीच्या फायलीत जाऊन बसतं.

मग रोजच्या, शांत, न दिसणाऱ्या कामाचं मोल करायचं कसं? त्यासाठी आकडे लागतात, आणि आकड्यांची या खात्याला कधीच वाण नव्हती. एसटीच्या कुठल्याही आगारात गेलं की केपीटीएल हा शब्द कानावर पडतो. दहा लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर गेली, त्याचं हे माप. बाहेर लोक लिटरला किती ते विचारतात, एसटी दहा लिटरचा हिशेब ठेवते. कोणत्या चालकाचा केपीटीएल चांगला, कोणत्या गाडीचा घसरला, यावरून आगारात वादही होतात आणि शाबासक्याही मिळतात. त्याच्या जोडीला भारमान, म्हणजे गाडीतल्या किती जागा भरल्या ते. दर किलोमीटरमागचं उत्पन्न. आणि वाटेत बंद पडलेल्या गाड्या. देशपातळीवर राज्य परिवहन उपक्रमांची संघटना, एएसआरटीयू, १९६५ पासून काम करते आहे, आणि इंधन बचत, कमी अपघात, गाड्यांचा पुरेपूर वापर यांसाठी महामंडळांना पुरस्कार देते. मराठी वाचकाला या साखळीतला एक दुवा जवळचा वाटेल. रस्ते वाहतुकीचं प्रशिक्षण आणि संशोधन करणारी केंद्रीय संस्था, सीआयआरटी, १९६७ पासून पुण्यात भोसरीला आहे. देशातल्या बससेवांची कुंडली मांडणाऱ्यांत तिचा मोठा वाटा आहे.

डिझेल वाचवणारा चालक खरोखर कसबी असतो. पुढे सिग्नल लाल दिसला की तो आधीच पाय उचलतो. गिअर वेळेवर बदलतो, क्लचवर पाय ठेवून बसत नाही, चढाच्या आधी गाडीला दम देतो. त्याच्या गाडीतल्या म्हातारीची मान सारखी पुढे-मागे हिसडत नाही, म्हणजे डिझेलही वाचलं आणि म्हातारीही. या शाबासकीत निम्मा हक्क वर्कशॉपमधल्या मेकॅनिकचा असतो, कारण चिकटलेला ब्रेक आणि तुंबलेला एअर फिल्टर उत्तमातल्या उत्तम चालकाचा केपीटीएल खातात. त्या मेकॅनिकला स्टेजवर बोलावल्याचं दृश्य मात्र दुर्मीळ.

पण आकड्याला बक्षीस लावलं की माणूस आकड्यासाठी काम करू लागतो. डिझेल वाचवायचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट उपाय म्हणजे उतारावर गाडी न्यूट्रलला टाकणं. घाटात असं करणारा चालक चार थेंब वाचवतो आणि पन्नास जीव केवळ ब्रेकच्या भरवशावर सोडतो. प्रशिक्षणात हे बजावून सांगितलं जातं. तरीही ज्या व्यवस्थेत केपीटीएलचा फळा भिंतीवर ठळक आहे आणि विनाअपघाताचा बिल्ला पंचवीस वर्षं दूर आहे, तिथे मोह कुठल्या बाजूला ओढतो हे सांगायला नको.

रेल्वेची गंमत याहून मोठी. आपल्याकडे लांब पल्ल्याची गाडी वेळेवर आली की नाही हे मुख्यतः शेवटच्या स्थानकावर ठरतं. त्यामुळे वेळापत्रक बनवणारे शेवटच्या टप्प्यात चार जादा मिनिटं पेरून ठेवतात, कधी चाराची दहा-वीसही होतात. गाडी मधल्या सगळ्या गावांना उशिरा जाते, मधल्या सगळ्या फलाटांवर लोक ताटकळतात, आणि शेवटी गाडी 'राइट टाइम' पोचल्याची नोंद होते. चाणाक्ष प्रवासी याच गाडीचं उलट्या दिशेचं वेळापत्रक काढून शेजारी ठेवतो. तेच दोन थांबे, तेच अंतर, आणि जाताना लागणारा वेळ येतानाच्या निम्मा! वक्तशीरपणाची ढाल कोणत्या विभागाला द्यायची हे ठरवताना मधल्या फलाटांवरच्या घड्याळांनाही विचारायला हवं.

माप चुकलं म्हणून मोजणंच सोडून द्यावं असं मात्र नाही. २०२३ साली एसटीने स्वच्छ आणि सुंदर बसस्थानकांचं अभियान सुरू केलं, स्थानकांना गुण दिले, क्रमांक लावले, बक्षिसं जाहीर केली. सरकारी स्पर्धा म्हटली की रंगरंगोटी आणि कुंड्या डोळ्यांसमोर येतात, आणि इथेही त्या आल्याच. पण निदान माप प्रवाशाच्या बाजूने लावलं गेलं. बाईमाणसाला बसस्थानकावरचं स्वच्छतागृह वापरता येतं की नाही, हा प्रश्न केपीटीएलच्या कुठल्याही रकान्यात बसत नाही. सकाळी सहाला घरातून निघालेली बाई दुपारपर्यंत पाणी पीत नाही, ती त्या प्रश्नाच्या उत्तरामुळेच.

शहरांना मिळणाऱ्या पुरस्कारांची तऱ्हा निराळी आहे. सस्टेनेबल ट्रान्सपोर्ट अवॉर्ड या आंतरराष्ट्रीय पुरस्काराचा पहिला मान २००५ साली कोलंबियातल्या बोगोटाला मिळाला. तिथल्या ट्रान्समिलेनिओ बससेवेने, रस्त्याच्या मधोमध बससाठी राखीव मार्गिका ठेवली तर बस मेट्रोसारखी माणसं वाहू शकते, हे जगाला दाखवलं होतं. २०१० साली तोच पुरस्कार अहमदाबादच्या 'जनमार्ग'ला गेला. ती सेवा लोकांसाठी सुरू झाली ऑक्टोबर २००९ मध्ये. म्हणजे बाळाचं बारसं होतं न होतं तोच आदर्श नागरिक म्हणून गौरव! जनमार्गाचं सुरुवातीचं काम चोख होतं यात वाद नाही. पण बससेवेची परीक्षा नव्या कोऱ्या थांब्यांवर होत नसते. काचेचे दरवाजे बिघडतात, मार्गिकेत दुचाक्या घुसू लागतात, पहिल्या गाड्या भंगारात जातात आणि नव्या घ्यायला पैसे उरत नाहीत. परीक्षा तेव्हा सुरू होते. दहाव्या वर्षी दिला जाणारा पुरस्कार असता, तर उमेदवार फारच थोडे मिळाले असते.

पुण्याला हा पुरस्कार मिळाला २०२० साली. बातमी वाचून पुणेकरांच्या भुवया किती वर गेल्या असतील याची कल्पना वाचकाने करावी. पीएमपीच्या थांब्यावर अर्धा तास उभा असलेला माणूस पुरस्काराची बातमी एका खास चेहऱ्याने वाचतो. देशातला बीआरटीचा, म्हणजे अशा राखीव मार्गिकांवरच्या बससेवेचा, पहिला प्रयोग पुण्यात सातारा रस्त्यावर, स्वारगेट ते कात्रज, २००६ च्या डिसेंबरात झाला, आणि तो कसा करू नये याचं उदाहरण म्हणूनच पुढे अनेक वर्षं सांगितला गेला. २००७ मध्ये पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली. २०१५ पासून 'रेनबो' नावाने बीआरटी पुन्हा मांडली गेली, २०१९ पासून विजेवरच्या गाड्या ताफ्यात आल्या, जंगली महाराज रस्त्यावर चालणाऱ्यांसाठी प्रशस्त पदपथ झाले. परीक्षकांनी पाहिलं ते हे, आणि ते खरंच झालेलं होतं. पुढे नगर रस्त्यावरची बीआरटी मार्गिका उखडली गेली, हेही तितकंच खरं. पुरस्कार खोटा होता असं यातून निघत नाही. शहराला मिळालेला पुरस्कार महापौर आणि आयुक्त बदलले की कोणाच्या अंगावर राहत नाही, एवढं मात्र निघतं. चालकाचा बिल्ला तरी त्याच्या छातीवर असतो.

बांधणाऱ्यांच्या वाट्याला गौरव सगळ्यात भरघोस येतो, आणि त्यातला पुष्कळसा रास्त असतो. ई. श्रीधरन यांचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही. १९६४ च्या डिसेंबरात वादळाने पांबनचा रेल्वे पूल मोडला. ऐन तारुण्यातल्या श्रीधरन यांनी तो ४६ दिवसांत उभा करून दिला आणि रेल्वेमंत्र्यांचा पुरस्कार मिळवला. पुढे कोकण रेल्वे, मग दिल्ली मेट्रो, २००१ मध्ये पद्मश्री, २००८ मध्ये पद्मविभूषण. कोकण रेल्वे ही मराठी माणसासाठी निव्वळ अभियांत्रिकी नाही. बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते यांनी संसदेत लावून धरलेली मागणी, कोकणातल्या गावागावांनी सोडलेल्या जमिनी आणि मुंबईतल्या चाकरमान्यांनी पाहिलेली वाट त्यात आहे. १९९० मध्ये महामंडळ झालं, २६ जानेवारी १९९८ रोजी मार्ग पुरा झाला. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७०० किलोमीटरहून लांब, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल. ज्या डोंगरांपुढे आधीच्या पिढ्यांनी हात टेकले होते, त्यांतून हा मार्ग आठेक वर्षांत निघाला.

पण पूल बांधून होतो तेव्हा राखणाऱ्याचं काम नुकतं कुठे सुरू होतं. कोकण रेल्वेचं पावसाळ्यात वेळापत्रकच बदलतं, गाड्या हळू धावतात, आणि दरडीच्या जागांवर दिवसरात्र पहारा लागतो. त्या पहाऱ्यावरचा ट्रॅकमन कसा दिसतो? अंगावर रेनकोट, हातात दिवा आणि झेंडी, पिशवीत रुळावर ठेवायचे फटाके. पुढे माती घसरलेली दिसली तर गाडीच्या दिशेने उलटं पळत जायचं, रुळावर फटाके लावायचे, लाल दिवा धरून उभं राहायचं. एरवी देशभर सगळीकडे कीमन हातोडा आणि पाना घेऊन रोज आपल्या हद्दीचा रूळ पायी तपासतो. सैल झालेली किल्ली ठोकतो, तडा दिसला तर गाडी थांबवतो. त्याने सकाळी ठोकलेल्या किल्लीवरून दुपारी वंदे भारत जाते. उद्घाटनाच्या फोटोत तो दिसत नाही, आणि फोटो काढणाऱ्यालाही ते खटकत नाही.

'पहिल्या' होणाऱ्यांचा गौरव हा आणखी एक प्रकार. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वेत इंजिन चालवायला दाखल झाल्या, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचं नाव झालं. २०११ च्या महिला दिनी त्यांनी पुणे-मुंबई डेक्कन क्वीन चालवली. २०२३ च्या मार्चमध्ये त्यांनी सोलापूरहून वंदे भारत मुंबईला आणली, तेव्हा कॅमेऱ्यांची झुंबड उडाली. लोकलच्या मोटरवुमन मुमताज काझी यांना २०१७ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. एसटीत महिला वाहक रुळून बराच काळ लोटला, स्टिअरिंगवर मात्र बाई बसायला २०२३ उजाडलं. अर्चना आत्राम यांनी सासवड-नीरा गाडी चालवली तेव्हा कुठे. या तिघींचा मान मोठाच. तरी सुरेखा यादव यांची खरी करामत एका दिवसाच्या डेक्कन क्वीनपेक्षा मालगाड्या आणि घाटातल्या बँकर इंजिनांसह काढलेल्या तीन दशकांहून जास्त नोकरीत आहे. पहिलीला हार मिळतो. विसावीला मिळायला हवं ते रनिंग रूममधलं स्वच्छ न्हाणीघर आणि गरोदरपणात हलकं काम. तेही एका अर्थी कर्तृत्वाची दखल घेणंच आहे.

संस्थेची थोरवी कळायची असेल तर ती बंद पडलेली पाहावी. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटी कर्मचाऱ्यांचा संप चिघळला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत लाल गाड्या बहुतांशी आगारांतच उभ्या राहिल्या. शहरातल्यांनी बातम्या वाचल्या. तालुक्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी शिक्षण सोडायची वेळ आल्याचं पाहिलं, डायलिसिसच्या रुग्णांनी जीपवाल्याला तिप्पट पैसे मोजले. त्याआधीच्या वर्षी, २०२० च्या टाळेबंदीत, याच एसटीने घराकडे पायी निघालेल्या मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत पोचवलं होतं, आणि मुंबईत बेस्टचे चालक-वाहक रोज इस्पितळांतल्या कर्मचाऱ्यांची ने-आण करत होते. या दोन्ही दलांनी त्या साथीत आपली माणसं गमावली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाही बेस्टच्या गाड्या पाण्यात अडकल्या आणि कित्येक चालक-वाहक प्रवाशांसोबत रात्रभर गाडीतच राहिले. डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर त्या रात्री अनोळखी लोकांनी बिस्किटाचे पुडे वाटून खाल्ले.

आणि मग मुक्कामी गाडी. या ग्रंथात एकाच कामगिरीला जागा द्यायची ठरली असती, तर ती बहुधा हिला गेली असती. संध्याकाळी तालुक्याहून निघालेली शेवटची गाडी डोंगरातल्या गावात रात्री पोचते आणि तिथेच थांबते. चालक-वाहक गावच्या देवळात, शाळेच्या ओट्यावर नाहीतर गाडीतल्याच बाकांवर पथारी टाकतात. डासांना दोघांची हजेरी पाठ असते. कोणाच्या तरी घरून भाकरी येते. पहाटे पाचला चालक टॉर्चने टायर पाहतो, पाणी-ऑइल बघतो, इंजिनाला धग येईपर्यंत गाडी सुरू ठेवतो, आणि त्या घरघरीनेच गाव जागं होतं. वाहक मशीन सुरू करतो. आधी दुधाच्या किटल्या चढतात, मग दवाखान्याची फाइल पिशवीत घेतलेला म्हातारा. पुढच्या वाडीला गणवेशातल्या मुली उभ्या असतात. अहिल्याबाई होळकर योजनेत गावच्या मुलींना शाळेपर्यंत एसटीचा प्रवास फुकट आहे. वाहक पास पाहतो, खरं तर पाहत नाही, कारण त्याला सगळ्यांची नावं माहीत असतात. एखादी दिसली नाही तर दोरी ओढायच्या आधी तो खिडकीतून बांधाकडे बघतो, आणि ती पळत येताना दिसली की अर्धं मिनिट थांबतो.

हे अर्धं मिनिट कुठल्याच रकान्यात चांगलं दिसत नाही. भारमानात मुक्कामी गाडी बसत नाही, उत्पन्नात तर नाहीच, आणि वेळेच्या हिशेबात तो उशीर ठरतो. तोट्यातल्या फेऱ्यांची यादी निघाली की तिचं नाव वरच्या पाचांत असतं. तिच्यामुळे दहावी झालेल्या मुलींची यादी कोणत्याही आगारात निघत नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हा चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. महामंडळाने ही दोन नावं जपली, दरवर्षी वर्धापनदिनी ती आठवली जातात, हे चांगलंच झालं. मुक्कामी गाड्यांची नावं मात्र त्या त्या गावाच्याच आठवणीत राहतात, तीही गाडी बंद झाल्यावर.

या ग्रंथातली निवड करताना म्हणून तीन गोष्टी पाहिल्या आहेत. कामगिरी किती काळ टिकली, तिचा फायदा मधल्या फलाटावरच्या माणसाला झाला की नाही, आणि तिच्यामागे आणखी कोणाचे हात होते. त्यामुळे काही गाजलेली नावं इथे सापडणार नाहीत, आणि काही पानांवर एखाद्या आगाराची, एखाद्या घाटाची किंवा नुसत्या एका फेरीची गोष्ट भेटेल. पुरस्कारप्राप्त शहरं आहेत, पण त्यांच्या शेजारी पुरस्कारानंतर काय झालं तेही नोंदवलं आहे. ज्यांना परीक्षक व्हायला आवडेल त्यांच्यासाठी एक सोयही आधीपासूनच आहे. एसटीच्या बसस्थानकावर नियंत्रकाकडे तक्रारपुस्तक मागता येतं. त्यात तक्रारच लिहावी असं बंधन नाही. गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ, फेरी आणि वाहकाचा किंवा चालकाचा बिल्ला क्रमांक एवढं लिहून त्याने काय चांगलं केलं ते दोन ओळींत नोंदवलं, तर तेही दप्तरी दाखल होतं आणि आगार व्यवस्थापकाच्या टेबलावर जातं. पेन मात्र स्वतःचं न्यावं. तिथलं सुतळीने बांधलेलं असतं आणि सहसा उमटत नाही.